लिपस्टिक वेल : टांगत्या कुंडीतील काही महिन्यांचा अनुभव

घरात टांगण्यासाठी फुलणारी वेल हवी असेल, तर लिपस्टिक वेल मी निःशंकपणे सुचवीन. अट एवढीच की, खिडकीत भरपूर उजेड असावा. शास्त्रीय भाषेत तिला एस्किनँथस रॅडिकन्स म्हणतात आणि आफ्रिकन व्हायोलेट ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल आहे. काही महिने ती वाढवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तिच्या निगेचे बहुतेक सगळे नियम एकाच गोष्टीतून निघतात: ही मूळची जमिनीवरची वनस्पती नाही. मलाया द्वीपकल्प, सुमात्रा, जावा आणि बोर्निओ येथील वर्षावनांत ती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, सालीच्या खाचांत साठलेल्या पालापाचोळ्यात रुजते. आधारवृक्षाचा रस ती शोषत नाही. केवळ जागा घेते. तिथे पाऊस वारंवार पडतो, पण पाणी मुळांशी साचून राहत नाही.

म्हणूनच नुसती बागेतली माती तिला मानवत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खनिज दाणे) आणि सालीचे बारीक तुकडे यांचे भुसभुशीत मिश्रण तिला चांगले लागू पडले. वरचा थर बोटाला कोरडा लागला की भरपूर पाणी द्यावे, ते खालच्या छिद्रांतून पूर्ण निथळू द्यावे आणि बशीत उरलेले ओतून टाकावे. पाणी खोलीच्या तापमानाचे असावे, कारण गार पाण्याने या कुळातील वनस्पतींच्या पानांवर डाग पडतात. कुंडीही लहानच बरी. मुळे थोडी दाटीने वाढलेली असली तरी वेल उत्तम फुलते, उलट मोठ्या कुंडीत ओल दीर्घकाळ टिकते आणि मुळे कुजण्याचा धोका वाढतो.

फुलांचे खरे गणित मात्र उजेडाचे आहे, आणि खताच्या बाटल्यांवर खर्च करण्याआधी प्रत्येकाने हे लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. कमी उजेडात वेल मरत नाही. ती हिरवी राहते, लांबत जाते, दोन पेरांतले अंतर वाढते, पण कळ्या धरत नाही. सकाळचे कोवळे ऊन किंवा दिवसभर लख्ख, पण थेट न पडणारा प्रकाश मिळाला की फांद्यांच्या टोकांशी गडद तपकिरी-जांभळट नळ्यांचे झुबके दिसू लागतात. या नळ्या म्हणजे निदलपुंज, म्हणजेच कळीचे बाहेरचे आवरण. त्यातून लाल कळी हळूहळू वर सरकते, तेव्हा वेलीचे नाव किती चपखल आहे ते कळते. लाल रंग आणि नळीसारखा आकार शिंजीर पक्ष्यांसाठी आहे, कारण मूळ प्रदेशात परागीभवन तेच करतात. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नये आणि मिश्रण पूर्ण वाळू देऊ नये. दोन्हींमुळे कळ्या गळतात.

तापमान साधारण 18 ते 27 अंश सेल्सिअस असावे. थंडीच्या झोताने पाने गळतात. हवा फार कोरडी असेल, तर पानांवर फवारा मारण्यापेक्षा कुंड्या एकत्र ठेवणे अधिक उपयोगी, कारण फवाऱ्याचा ओलावा काही वेळातच उडून जातो. वाढीच्या काळात खत द्यायचे ते पाकिटावरील प्रमाणाच्या निम्मे. पिठ्या ढेकूण ही कापसासारखी पांढरी दिसणारी कीड पानांच्या बगलेत दडते, तेव्हा पाणी घालताना तिथे नजर टाकावी.

बहर ओसरल्यावर छाटणी करायलाच हवी. फुले नव्या वाढीच्या टोकांवर येतात, त्यामुळे न छाटलेली वेल वरून उघडी पडते आणि शेंड्यांपुरती फुलते. छाटलेले वीतभराहून थोडे लहान तुकडे, खालची पाने काढून, त्याच कुंडीत खोचले की पेरांपाशी मुळे फुटतात आणि कुंडीचा रिकामा माथा भरून येतो.