बाबांच्या मृत्युपत्रासाठी वकिलाकडे गेलो, त्याचा अनुभव (बडोदा)

दांडिया बाजाराजवळच्या एका वकिलांकडे बाबांना घेऊन गेले होते, वय ८१, कान थोडे कमी पण डोकं एकदम तल्लख. मला वाटलं होतं सही करायची नि घरी यायचं, पण आधी फोनवरच त्यांनी यादी सांगितली: घराचा दस्त, एफडीच्या पावत्या, शेअर्सचं डीमॅट खातं, आणि प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण. बाबांनी कापडी पिशवीतून १९८४ चा दस्त काढला, घड्यांवर पार फाटलेला, वकीलसाहेबांनी तो पंख्याखालून उचलून आधी बाजूला ठेवला.

टॅक्सचं छान समजावलं. वारसाहक्काने मिळालं त्यावर टॅक्स नाही, इस्टेट ड्यूटी (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर) १९८५ लाच गेली. पण पुढे आम्ही घर विकलं की कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीतल्या नफ्यावरचा) लागणार, आणि घर एवढं जुनं असल्यामुळे खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, म्हणून व्हॅल्युएशन आत्ताच करून ठेवा म्हणाले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे ऐकून दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला!

बक्षीसपत्र करू का, म्हणजे घर जिवंतपणीच मुलांच्या नावावर करू का, असं बाबांनी विचारलं तर म्हणाले, काका घाई नको, त्यावर स्टॅम्प ड्यूटी आहे, मृत्युपत्रावर नाही, आणि ते कधीही बदलता येतं. दोन साक्षीदार मात्र हवेतच, वाटणीत नाव नसलेले.

तक्रार एकच, ११ ची वेळ देऊन पाऊण तास बसवलं आणि जिना फारच उभा. चार स्टार.