आठवी पिन: क्रिम्पिंग टूलच्या खरेदीत झालेली फसवणूक

आपण फसवले गेलो आहोत, हे कळायला मला जवळजवळ चार महिने लागले आणि त्यांतला बराचसा काळ मी माझ्याच हातांना दोष देण्यात घालवला. मी घेतलेले क्रिम्पिंग टूल, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकावर कनेक्टर दाबून बसवणारे पक्कडीसारखे अवजार, मोडले असते, तर पहिल्याच दिवशी संशय आला असता. पण ते मोडले नाही, त्याने एकूण एक कनेक्टर दाबून दिला, केबल तपासणाऱ्या टेस्टरवर आठ तारांचे आठही दिवे ओळीने लागले, आणि मी बिल करून मोकळा झालो.

काम एकूण ६२ केबलचे होते. भिंतीतून येणारी केबल पॅच पॅनेलवर (अनेक जॅकच्या पट्टीवर) किंवा जॅकमध्ये पंच करावी, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवाव्यात, आणि पुढे पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार केबल, वापरावी, हे मलाही मान्य आहे. परंतु कॅमेरे आणि छतावरचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी उपकरणे) यांच्याकडे जाणाऱ्या केबलला अनेकदा थेट आरजे-४५, म्हणजे आठ तारांसाठी आठ धातूच्या पिना असलेला प्लास्टिकचा कनेक्टरच लावावा लागतो, आणि या कामात तर जागेअभावी स्विचकडची (सगळ्या केबल जिथे एकत्र जोडल्या जातात त्या उपकरणाकडची) टोकेही तशीच करायची ठरली होती. म्हणजे १२४ कनेक्टर. माझे जुने टूल वर्षानुवर्षांच्या वापराने सांध्यात सैल झाले होते, म्हणून मी नवे घ्यायचे ठरवले.

विक्रेता कामाच्या जागीच नमुने घेऊन आला. त्याने पिशवीतून टूल काढले, माझ्याच केबलचा तुकडा घेऊन माझ्यासमोर एक कनेक्टर दाबला आणि तो मला तपासायला दिला. तो कनेक्टर निर्दोष होता, हे मी आजही सांगेन. त्यानंतर त्याने मला दिला तो सीलबंद डबा: त्याच रंगाच्या मुठी, तेच नाव, तोच आकार, सोबत टेस्टर आणि शंभर कनेक्टरची पिशवी. डब्यावर ‘फोर्ज्ड स्टील’ असे ठळक छापलेले होते. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती, आणि मला वाटते सगळ्यात हुशारी तिथेच होती. फार स्वस्त वस्तूकडे माणूस निदान एकदा वाकड्या नजरेने पाहतो. दाखवलेले टूल वेगळे आणि डब्यातले वेगळे, हे मी त्या वेळी ओळखायला हवे होते, कारण दाखवलेल्या टूलवर नाव धातूत कोरलेले होते आणि डब्यातल्या टूलवर त्याच जागी स्टिकर होता.

तक्रारी तीन आठवड्यांनी सुरू झाल्या. काही ॲक्सेस पॉइंटवर वेग निम्म्याहूनही खाली येत होता. स्विचमध्ये पाहिले तर त्या पोर्टांवर १००० ऐवजी १०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रति सेकंद) लिंक दिसत होती. काही पोर्ट दिवसातून दोनचारदा बंद होऊन पुन्हा चालू होत होते. कॅमेऱ्यांची मात्र एकही तक्रार नव्हती, आणि या गोष्टीने मला आणखी चकवले. खरे तर खूण तिथेच होती. १०० एमबीपीएसची जोडणी फक्त १, २, ३ आणि ६ या चार पिनांवर चालते, तर तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, तारांच्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. त्यांतली एक तार कच्ची असली, की अनेक उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. माझे कॅमेरे मुळात १०० वरच चालणारे होते. त्यांना उरलेल्या चार तारांच्या तब्येतीशी डेटापुरते काही देणेघेणे नव्हते.

मी आधी केबलवर संशय घेतला. पात्याने तार खरवडून पाहिली, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार अशी खरवडली की आत पांढुरकी दिसते; ही आतपर्यंत लाल होती. मग लांबी मोजली. सगळ्यात लांब केबलही १०० मीटरच्या मर्यादेच्या बरीच आत होती. मग स्विच बदलून पाहिला. शेवटी वाटले, आपणच जोड्यांचा पीळ जास्त उकलत असू, म्हणून १३ मिलिमीटरच्या आत पीळ ठेवून, रंगांचा क्रम दोनदा मोजून, नऊ टोके नव्याने केली. अर्थात त्याच टूलने. दोन सुधारली, सात होती तशीच राहिली, आणि माझी खात्री झाली की आता वयाप्रमाणे आपला हात पूर्वीसारखा बसत नाही.

दोष सापडला तो लेथवर काम करणाऱ्या एका मित्राच्या टेबलावर. त्याच्याकडे अणकुचीदार टोकांचा व्हर्निअर (बारीक मोजमापाचे साधन) होता. साध्या व्हर्निअरचा जबडा दोन पिनांमधल्या प्लास्टिकच्या कडांवरच अडतो आणि मोजमाप फसते. दाबलेल्या कनेक्टरमध्ये पिनेच्या माथ्यापासून समोरच्या बाजूच्या पृष्ठभागापर्यंतची उंची ६.०२ मिलिमीटर अपेक्षित असते आणि त्यात ०.१३ मिलिमीटर इकडेतिकडे चालते. पहिली पिन ६.०१ भरली. चौथी ६.११. सहावी ६.२०. आठवी ६.३८. मित्राने कनेक्टर न बोलता माझ्या हातात दिला आणि दुसरा मागितला. त्याचीही चढण तशीच निघाली. मग आम्ही तो दिव्यासमोर आडवा धरला, तेव्हा मोजण्याचीही गरज उरली नाही: पिवळ्या पिनांची ओळ एका बाजूला जिन्यासारखी वर चढत गेलेली डोळ्यांना दिसत होती.

याचा अर्थ असा की आठव्या पिनेची धार तपकिरी तारेच्या वेष्टणात पुरती शिरलीच नव्हती. ती तांब्याला जेमतेम टेकली होती. डब्यातल्या टेस्टरला तेवढे पुरते. तो तारेतून अगदी किरकोळ विद्युतप्रवाह पाठवून दिवा लावतो, आणि टेकलेल्या तारेतूनही दिवा लागतो. केबल हलली किंवा तापमान बदलले की ती टेकण सुटते, तेव्हा टेस्टर आपल्या बॅगेत असतो. (जोड्या चुकीच्या पद्धतीने विभागल्या गेल्या, तरीही हा टेस्टर आठ दिवे दाखवतोच, त्यामुळे त्याच्या हिरव्या ओळीवर फार विसंबू नये.) कनेक्टर टूलच्या खाचेत एकाच दिशेने बसत असल्यामुळे सांध्यापासून सर्वांत दूर राहणारी पिन दर वेळी तीच, आणि म्हणून दोषही १२४ टोकांवर एकाच जागी आलेला होता.

टूल उघडून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी समजल्या. पहिली म्हणजे ‘फोर्ज्ड’ म्हणवणारा जबडा पत्र्याच्या दोन पट्ट्या रिबीट मारून केलेला होता, आणि मूठ दाबली की सांध्याजवळचा भाग दाब घेत असे, परंतु पुढचे टोक केसभर उघडत असे. केसभर म्हणजे तीनचार दशांश मिलिमीटर, आणि या कामात सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. चांगल्या टूलमध्ये रॅचेट (दातेरी अडकण) अशासाठी असतो की दाब पूर्ण झाल्याशिवाय मूठ उघडूच नये, म्हणजे थकलेल्या हातानेही शेवटचा कनेक्टर पहिल्यासारखाच बसतो. या टूलचा रॅचेट डाय, म्हणजे पिना दाबणारा ठोकळा, पुरता खाली येण्याआधीच सुटत होता. टक्‌ असा आवाज येई, मूठ उघडे, आणि काम झाले असे हाताला वाटे. विक्रेत्याने ज्याचे ‘हलके चालते, हात दुखत नाही’ म्हणून कौतुक केले होते, ते हेच. पुरता न दाबणारा रॅचेट हा रॅचेट नसण्यापेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. साध्या टूलमध्ये माणूस निदान स्वतःहून जोर लावतो.

मोजमापे घेऊन मी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, सील फोडलेला माल कंपनी परत घेत नाही. आणि टेस्टरवर आठही दिवे लागतायत ना? मग टूलमध्ये दोष कुठला?” दाखवलेले टूल आणून द्या, असे म्हटल्यावर ते ‘नमुन्याचे’ असून विकायचे नाही, असे उत्तर मिळाले. बिलावर त्याने फक्त ‘टूल किट’ इतकेच लिहिले होते. नाव नाही, मॉडेल नाही. त्यामुळे तक्रार कुठे आणि कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न मी बिल नीट न वाचता खिशात घातले त्याच दिवशी निकालात निघाला होता.

आता मी टूल घेतो तेव्हा विकत घ्यायचा नगच समोर फोडायला लावतो आणि त्याच नगाने दोन कनेक्टर दाबून पाहतो. ते उजेडात आडवे धरले की आठही पिना एका रेषेत आणि प्लास्टिकच्या कडांच्या किंचित खाली दिसल्या पाहिजेत. टोकाची पिन जराही वर असली, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवतो. मूठ अर्धी दाबून सोडतो: रॅचेट खरा असेल, तर ती अडकून राहते. मूठ सावकाश दाबत डायकडे पाहतो आणि तो थांबल्यावर रॅचेट सुटतो की त्याआधी, हे बघतो. जबडे हाताने आडवे हलवून सांध्यातला खेळ तपासतो. ज्यात डाय कात्रीसारखा तिरका न येता सरळ खाली उतरतो, ते टूल मी पसंत करतो, आणि ज्याचे डाय व पाती सुटी मिळतात तेच घेतो. केबलचे बाहेरचे आवरण पकडणारी प्लास्टिकची जीभही त्याच दाबात बसायला हवी. ती बसली नाही, तर ओढ थेट तारांवर येते.

टूल आणि कनेक्टर यांची जोडी जुळते का, हेही विचारून घ्यावे. तारा समोरून आरपार निघणाऱ्या कनेक्टरला त्या छाटणारे वेगळे टूल लागते, आणि त्याचे पाते बोथट झाले की समोर तांब्याची कुसळे राहून शेजारच्या तारांना भिडतात. केबलमधून उपकरणाला वीजही जात असेल, तर ते अधिकच वाईट. अखंड (एकाच जाड तारेच्या) आणि बहुतारी (अनेक बारीक तारांच्या) केबलसाठीचा कनेक्टर यांच्या पिनांची धारही वेगळी असते, आणि किटमध्ये फुकट मिळालेल्या पिशवीवर यांतले काहीच लिहिलेले नव्हते.

नवे टूल घेऊन मी १२४ टोके पुन्हा केली, त्याचे पैसे अर्थातच मागितले नाहीत. तेवढ्यावर भागले असते. परंतु वर राहिलेली पिन स्विचच्या पोर्टमधली बारीक स्प्रिंग प्रमाणाबाहेर ढकलते, आणि चार महिने तशी ढकलली गेलेली स्प्रिंग काही पोर्टांत पुन्हा खाली आलीच नाही. त्या सात पोर्टांत आता अचूक उंचीचा कनेक्टर लावला, तरी आठवी तार लागत नाही. मी त्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून ‘१००’ असे लिहिले आहे आणि कॅमेरे तिकडे वळवले आहेत.