वेस्ट ओकोबोजी की बिग स्पिरिट लेक?

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डी मॉईन शहरातल्या एका मित्राने विचारलंय, पोरांना घेऊन वीकेंडला यातल्या कुठल्या तलावावर जाऊ? दोन्ही आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात, अगदी शेजारी शेजारी, दोन्ही हिमयुगातल्या हिमनद्यांनी घडवलेले.

खरा फरक खोलीचा. ओकोबोजी जवळपास १३६ फूट खोल, स्पिरिट क्षेत्रफळाने मोठा पण जेमतेम २४ फूट, त्यामुळे ओकोबोजीचं पाणी निळंशार आणि बऱ्यापैकी स्वच्छ राहतं, तर स्पिरिटमध्ये वारा सुटला की तळ ढवळून निघतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी शेवाळाने हिरवं होतं. पोहायला मला तरी ओकोबोजीच आवडतो.

गर्दी आणि खर्च मात्र तिकडेच जास्त, जुलैत तर विचारू नका. काठावर अरनॉल्ड्स पार्क हे अम्युझमेंट पार्क आहे, १८८९ पासूनचं, पोरं तिथून हलणार नाहीत. स्पिरिट शांत, मार्बल बीचला तंबू ठोकून आरामात राहता येतं.

मासेमारी दोन्हीकडे, १६ वर्षं आणि त्यावरच्यांना लायसन्स लागतं. वॉलाय आणि पर्च या माशांसाठी स्पिरिट भारी, उथळ असल्याने थंडीत गोठतोही आधी, म्हणजे बर्फावरची मासेमारी लवकर सुरू.

तर पोहणं, बोटिंग, लहान पोरं असतील तर ओकोबोजी. गळ टाकून निवांत बसायचं आणि खर्चही आवरायचा तर स्पिरिट.