सॉकेटवर चालणारा हवेचा पंप: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतर

टायरमध्ये हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप घेऊन बरेच महिने झाले. पंप चांगला आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हाच घेईन. पण घेणाऱ्याने पंपाइतकंच लक्ष गाडीतल्या सॉकेटकडे द्यावं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पंपाचं आधी. 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लावून ठेवलं की तेवढं भरल्यावर आपोआप थांबतो. पेट्रोल पंपावरच्या मीटरशी ताडून पाहिलं, फार तर एखाद्या पीएसआयचा फरक येतो. वायर मागच्या चाकापर्यंत आरामात पोचते. आवाज मात्र मोठा आहे. पहाटे सोसायटीत लावला की शेजारी उठणार. सलग चालवल्यावर थोडा थांबवा असं पुस्तिकेत लिहिलंय, ते खरंच पाळा. नळीचं पितळी टोक चांगलंच तापतं.

आता सॉकेट. गावी निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनीत हवा भरायला प्लग लावला, तर पंप गप्प. मोबाईलचा चार्जर लावला, तोही बंद. म्हणजे पंप ठीक, सॉकेटलाच करंट नाही. बऱ्याच गाड्यांत चावी ॲक्सेसरीवर (इंजिन सुरू होण्याआधीच्या खुणेवर) आल्याशिवाय सॉकेट चालू होत नाही, म्हणून इंजिन सुरू करून पाहिलं. तरी काही नाही. स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडला. झाकणाच्या आतल्या नकाशावर सॉकेटचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं. माझ्या गाडीत तो निळा, 15 अँपिअरचा. उजेडात धरला तर आतली तार तुटलेली स्पष्ट दिसली. नवीन 15 चाच बसवला आणि चावी फिरवताच तोही उडाला.

काही न लावता फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. एका गॅरेजवाल्याने पूर्ण सॉकेट वायरिंगसकट बदलावं लागेल असं सांगितलं होतं. मी आधी टॉर्च मारून आत पाहिलं. तळाशी एक रुपयाचं नाणं तिरकं अडकलेलं होतं, कडेला काळा डाग पडलेला. सॉकेटच्या मधला ठिपका पॉझिटिव्ह आणि भोवतीची भिंत निगेटिव्ह. नाण्याने दोन्ही जोडले होते. वरच्या ट्रेमध्ये पार्किंगची चिल्लर ठेवतो आम्ही, तिथूनच ते घरंगळलं असणार. फ्यूज काढूनच ठेवला होता, त्यामुळे काडीला लोहचुंबक बांधून सोडला. रुपया स्टीलचा असल्याने लगेच चिकटून वर आला. मग फ्यूज बसवला, तो टिकला. अशा वेळी 20 किंवा 30 चा फ्यूज लावायचा मोह अजिबात नको. फ्यूज टिकेल, पण मग वायर जळेल.

नंतर एकदा वेगळंच झालं: चार्जर चालतोय, पंप नाही. यावेळी बिघाड पंपाच्या प्लगमध्ये. टोकाची रिंग फिरवून काढली की आत काचेचा छोटा फ्यूज असतो, तो गेला होता. इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच अँपिअरचा सहज मिळाला.

मल्टिमीटरने पाहणार असाल तर पंप चालू असताना पाहा. नुसत्या सॉकेटवर 12 च्या वर दाखवेल, पण सॉकेटच्या आतल्या बाजूच्या धातूच्या पट्ट्या सैल किंवा काळ्या पडल्या असतील तर भार येताच व्होल्टेज खाली बसतं आणि प्लग तापतो. माझ्या पट्ट्या फ्यूज काढून बारीक पॉलिश पेपरने घासल्या, तेव्हापासून प्लग कोमटच राहतो.

आणि सॉकेटच्या झाकणावरचा आकडा वाचा. बहुतेक ठिकाणी 120 वॅट असतो, म्हणजे सुमारे 10 अँपिअर. माझा पंप जवळजवळ तेवढंच ओढतो, त्यामुळे हवा भरताना स्प्लिटर (एका सॉकेटची दोन-तीन करणारा जोड) लावून डॅशकॅम, चार्जर एकत्र चालवत नाही. एसयूव्हीचे मोठे टायर असतील तर हा पंप घेऊच नका. थेट बॅटरीला चिमटे लागणारा घ्या.