दोन गाढवं, दोन शनिवार

रात्री दहा वाजले की कुणीतरी "सराफ्यात जाऊ या" म्हणणारच, असं आमचं इंदूरचं घर. सराफा म्हणजे तिथला रात्रीचा खाऊबाजार. तिथे गाढवाच्या बाजूनं सांगितलेला सिनेमा लावायचा, तर कुठला? फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा १९६६ चा 'ओ आझार बाल्थाझार' की पोलिश दिग्दर्शक स्कोलिमोव्स्कीचा २०२२ चा 'ईओ'? दोन्ही दीडेक तासाचे. मी लागोपाठच्या दोन शनिवारी दोन्ही लावले.

'ईओ'ला कुणी उठलं नाही. सहा गाढवांनी मिळून साकारलेला हा ईओ सर्कशीतून सुटतो आणि पोलंडहून पार इटलीपर्यंत भटकतो. लालभडक प्रकाश, अंगावर येणारं संगीत. फुटबॉलवाली टोळकी त्याला बेदम मारतात आणि पडद्यावर अचानक चार पायांचा रोबो चालू लागतो. "हे काय मध्येच?" आत्या म्हणाली, पण नजर हलली नाही. मला एक खुपलं: कॅमेरा जंगलावरून उडू लागला की ती नजर गाढवाची उरत नाही.

'बाल्थाझार' कृष्णधवल. नामावलीला शूबर्टचा पियानो, मध्येच गाढव ओरडतं, मग पियानो पुन्हा सुरू. "गाढवापुढे वाचली गीता," बाबा म्हणाले आणि थोड्या वेळात घोरू लागले. त्यांची तरी काय चूक? ब्रेसाँ कसलेले नट घेत नसे. माणसं सपाट आवाजात बोलतात. आत्या मात्र मुलं शिंगराचा बाप्तिस्मा करतात तिथेच सरसावून बसली. काशीच्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराज तिला आठवले.

मग सर्कशीचा प्रसंग. चाऱ्याची गाडी ओढत बाल्थाझार एकेका पिंजऱ्यापाशी थांबतो. वाघ, पांढरं अस्वल, चिंपांझी, हत्ती. तो बघतो, ते बघतात. ना संगीत, ना संवाद. त्याला काय कळलं, ते ब्रेसाँ सांगत नाही. गाढवाचा चेहरा गाढवाचाच राहू देतो. ईओला जुन्या मालकिणीच्या आठवणी येतात, त्या मला दिग्दर्शकाच्याच वाटल्या. सिनेमा पाहून आपण रडलो ते एकदाच, 'बाल्थाझार' पाहताना, हे स्वतः स्कोलिमोव्स्कीनंच सांगितलंय.

घरात चार जण जमले असतील तर 'ईओ' लावा. लहान मुलं नकोत, सिनेमात एका माणसाचा गळा चिरतात. 'बाल्थाझार'मध्येही गाढवाच्या शेपटीला कागद बांधून पेटवतात. मी तेवढ्यात पाणी आणायला उठलो. एकच पाहणार असाल तर 'बाल्थाझार', एकट्यानं, आणि सराफ्यात जायच्या आधी. भुट्ट्याचा कीस हाणून बसलात तर तुमचंही आमच्या बाबांसारखं होईल.