किचनरमधलं एक मत: पक्षाचा व्हिप की आपला खासदार?

गेल्या महिन्यात एका मित्राचा कॅनडाच्या नागरिकत्वाचा शपथविधी झाला. तो ऑन्टारिओ प्रांतातल्या मिल्टनला राहतो, मी त्याच प्रांतातल्या किचनरला. जेवताना त्यानं सरळ विचारलं, "गर्भपाताच्या हक्काला धक्का लागू नये, एवढी एकच अट धरून मत द्यायचं म्हटलं तर कुणाला द्यायचं?" हा प्रश्न मला एप्रिल २०२५ च्या केंद्रीय निवडणुकीत पडला होता आणि त्यावरून आमच्या घरात तीन आठवडे वाद चालला होता. दोन रस्ते होते. एक, देशपातळीवर जो पक्ष सरकार बनवू शकतो आणि या विषयावर खासदारांना व्हिप लावतो, त्याला म्हणजे लिबरलना मत. दुसरा, आपल्या मतदारसंघात या हक्काच्या विरोधातल्या उमेदवाराला जो खरोखर पाडू शकतो त्याला मत, पक्ष कुठलाही असो. ज्यांना गर्भपातच मान्य नाही त्यांच्याशी इथं वाद घालत नाही. हे लिहितोय ते हक्क राहावा असं वाटणाऱ्या, पण मत कुठं टाकावं यावर अडलेल्या माणसासाठी.

मला हा विषय का लागतो ते आधी सांगतो. मुलगी दहा महिन्यांची असताना बायकोला पुन्हा दिवस गेले. माझी नोकरी नुकतीच गेली होती आणि ती स्वतः अजून बाळंतपणातून सावरली नव्हती. सातव्या आठवड्यात आम्ही ठरवलं. दवाखान्यात गेलो तेव्हा सही करावी लागणार म्हणून मी खिशातून पेन काढून हातात धरलं होतं. भारतातही कायद्याला सज्ञान बाईशिवाय कुणाची संमती लागत नाही, पण "मिस्टरांची सही" ही सवय माझ्या अंगात इतकी मुरलेली. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. जे काही विचारलं ते तिला. फार्मसीतून गर्भपाताच्या गोळ्यांचं एक खोकं मिळालं, आत दोन लहान खोकी, एक हिरव्या लेबलचं, एक नारिंगी. हेल्थ कार्ड दाखवलं, पैसे नाहीत. ती पेनाची गोष्ट बायको अजून काढते. आमच्या मुलीला पुढं कधी गरज पडली तर तिच्याशीही असंच वागलं जावं, एवढीच माझी मागणी.

कॅनडात गर्भपातावर फौजदारी कायदाच नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. १९८८ मध्ये मॉर्गेंटेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुना कायदा रद्द केला आणि नवा झालाच नाही. तो का झाला नाही, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. तेव्हाचे पंतप्रधान मल्रूनी यांच्या सरकारनं गर्भपातावर पुन्हा फौजदारी कायदा करण्यासाठी आणलेलं सी-४३ विधेयक १९९० मध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, १४० विरुद्ध १३१ नं मंजूर झालं होतं. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटमध्ये ४३-४३ अशी बरोबरी झाली आणि बरोबरी म्हणजे नामंजूर. एक सिनेटर इकडचा तिकडे झाला असता तर आज चित्र वेगळं असतं. हा हक्क कुठल्या घोषणेवर नाही, सभागृहातल्या डोक्यांच्या मोजणीवर टिकून आहे, हे मनात धरलं की मग दोन्ही रस्ते नीट तपासता येतात.

आधी व्हिपचा रस्ता. माझी बायको याच बाजूची आणि तिचं म्हणणं वजनदार आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पॉलिव्हर यांनी आपलं सरकार गर्भपातावर कायदा आणणार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे आणि मी ते खोटं मानत नाही. पण त्यांच्या पक्षात मागच्या बाकांवरच्या खासदाराला खासगी विधेयक आणायची आणि मनाप्रमाणे मत द्यायची मोकळीक आहे. धोका येतो तो याच वाटेनं. २०२१ चं सी-२३३ घ्या. मुलगी आहे म्हणून गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला गुन्हेगार ठरवणारं विधेयक. ८२ विरुद्ध २४८ नं पडलं, पण कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांतले बहुसंख्य त्याच्या बाजूनं होते. गर्भवतीवरच्या हल्ल्याला कडक शिक्षा मागणाऱ्या २०२३ च्या सी-३११ विधेयकावर तर तो अख्खा पक्ष एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे.

सी-२३३ वर थोडं थांबतो, कारण आपल्या मराठी मंडळींत यावर हमखास गोंधळ होतो. "मुलींना वाचवणारा कायदा, त्याला विरोध कसा करायचा?" असं मला दोघांनी तरी विचारलं. महाराष्ट्रानं हा प्रश्न देशात सगळ्यात आधी अंगावर घेतला. गर्भजल परीक्षेचा लिंगनिदानासाठी होणारा वापर रोखणारा कायदा राज्यानं १९८८ मध्येच केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. पण बंदी कशावर घातली? चाचणीवर, लिंग सांगण्यावर. गर्भपाताचा १९७१ चा कायदा वेगळा ठेवला. सी-२३३ नं बोट गर्भपातावर ठेवलं होतं, म्हणजे डॉक्टरनं समोरच्या बाईचा हेतू ओळखायचा आणि चुकला तर तुरुंग. असा कायदा झाला तर साडी नेसून आलेल्या बाईकडे डॉक्टर कोणत्या नजरेनं पाहील, याचा विचार आपणच करायला हवा.

तर व्हिप महत्त्वाचा. २०१४ पासून लिबरल पक्षात नव्या उमेदवारानं या हक्काच्या बाजूनंच मत द्यायचं ही अट आहे. आमचे तेव्हाचे खासदार ज्या ग्रीन पक्षाचे, तो मात्र व्हिप मानतच नाही. २०१९ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या नेत्या एलिझाबेथ मे म्हणाल्या होत्या की एखाद्या खासदाराला हा विषय काढण्यापासून मी रोखू शकत नाही, आणि मग पक्षाला लगेच खुलासा करावा लागला. बायकोनं हे वाक्य माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आपला खासदार माणूस चांगला आहे हे मान्य. पण चांगुलपणावर मी मुलीचं भवितव्य टाकणार नाही." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पूर्ण उत्तर आजही नाही.

आता दुसरा रस्ता, मतदारसंघाचा. आमच्या किचनर सेंटरला या विषयात इतिहास आहे. २०१२ मध्ये "मनुष्य" कधीपासून म्हणायचं हे तपासायला समिती नेमा, असा एम-३१२ ठराव आणणारे स्टीफन वुडवर्थ इथलेच खासदार. ठराव २०३ विरुद्ध ९१ नं पडला. पंतप्रधान हार्पर स्वतः विरोधात होते, तरी त्यांच्या मंत्रिमंडळातल्या काहींनी बाजूनं मत दिलं. त्यानंतर साधारण महिन्याभरानं आयर्लंडमध्ये गॉलवेला, गर्भपात नाकारला गेल्यावर, सविता हलप्पनवार गेल्या. त्या बेळगावच्या, माझं आजोळही बेळगावचं. तिकडे घरोघरी तोच विषय होता, मामी फोनवर रडत होती. आणि इकडे ज्या माणसानं तो ठराव आणला त्याच्याच मतदारसंघात मी पुढं घर घेतलं.

२०२१ पासून इथं ग्रीन पक्षाचे माइक मॉरिस खासदार होते. लिबरल उमेदवार तेव्हा ऐन प्रचारात बाजूला झाले होते, त्यामुळे तो विजय योगायोगाचा, असं म्हणणारे पुष्कळ. पण फेब्रुवारी २०२५ च्या प्रांतिक निवडणुकीतही ही जागा ग्रीनकडेच राहिली. केंद्राच्या मतदानाच्या जेमतेम दोन महिने आधी. माझ्या गल्लीत ग्रीनच्या हिरव्या पाट्या लिबरलच्या लाल पाट्यांपेक्षा जास्त होत्या. ही काही मोजणी नव्हे, पण रोज कुत्र्याला फिरवताना दिसायचं ते हे.

मग मार्चमध्ये वारं फिरलं. लिबरलचे नवे नेते म्हणून कार्नी आले, ट्रम्प यांचे टॅरिफ आणि कॅनडाला अमेरिकेचं "एक्कावन्नावं राज्य" करायची भाषा गाजू लागली आणि देशभर लिबरल वर चढले. इथंच मला ती गोष्ट खटकली जिच्यामुळे माझं ठरलं. स्ट्रॅटेजिक मतदानाचा, म्हणजे नको असलेल्याला पाडायला कुणाला मत द्यावं याचा, सल्ला देणारं एक संकेतस्थळ होतं, ज्याच्या लिंका आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांत फिरत होत्या. त्यावर आमच्या मतदारसंघाचा आकडा मी रोज रात्री बघायचो. एका सोमवारी ग्रीन पुढे, गुरुवारी लिबरल पुढे, रविवारी पुन्हा वेगळंच. मी शोधून पाहिलं, त्या आठवड्यात किचनरमध्ये कुणी जनमत चाचणी घेतली का? मला एकही सापडली नाही. ऑन्टारिओच्या सरासरीचा आकडा हलला की आमचाही हलत होता. गणितानं अख्ख्या प्रांतातलं वारं आमच्या गल्लीत शिरलंय असं धरून चाललं होतं. आणि त्या आकड्याच्या जोरावर माझे शहाणे, शिकलेले मित्र एकमेकांना सांगत होते, "ग्रीनला मत म्हणजे फुकट, लिबरललाच दे." विद्यमान खासदाराला दिलेलं मत फुकट कसं? त्या एका वाक्यानं मी इतका वैतागलो की बाकीची तुलना मागं पडली. हा राग न्याय्य होता की नाही, ठाऊक नाही, पण निर्णय त्यातून झाला. मी ग्रीनला मत दिलं. ईस्टरच्या सुट्टीतल्या आगाऊ मतदानाला आम्ही दोघं एकाच गाडीतून गेलो, बायकोनं लिबरलला दिलं, आणि परत येताना दोघांनीही विषय काढला नाही.

२८ एप्रिलच्या रात्री निकाल आला. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार निवडून आल्या. मॉरिस दुसरे, फरक चारशेच्याही आत. लिबरल तिसरे. ग्रीन आणि लिबरल यांची मतं एकत्र केली तर निम्म्यापेक्षा कितीतरी जास्त. मतविभागणी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, पण आपल्याच स्वयंपाकघरात ती होताना पाहणं वेगळं. लंडन-फॅनशॉमध्येही हेच झालं. जागा एनडीपी या डाव्या पक्षाच्या हातात होती, लाट लिबरलची, आणि निवडून आला कॉन्झर्व्हेटिव्ह.

म्हणून व्हिपचा रस्ता चुकीचा असं मी म्हणणार नाही. माझ्या मिल्टनच्या मित्राला मी उलटच सल्ला दिला. मिल्टन ईस्ट-हॉल्टन हिल्स साऊथमध्ये फेरमोजणीनंतर लिबरल २१ मतांनी जिंकले. विंडसर-टेकम्सी-लेकशोअरमध्ये तेच ४ मतांनी हरले. अशा ठिकाणी एनडीपी किंवा ग्रीनला मनापासून मत द्यायचा मोह मला समजतो, माझंही मन तिकडेच आहे. पण तिथं तो मोह आवरावा असं मला वाटतं. तिथं व्हिप आणि मतदारसंघ दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. अडचण येते ती किचनरसारख्या जागी, जिथं दोन्ही वेगळीकडे दाखवतात. तिथं माझा कल मतदारसंघाकडे. व्हिप लागू व्हायला आधी खासदार सभागृहात पोचावा लागतो. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराचा व्हिप काय कामाचा?

बायकोला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. ग्रीनचे खासदार एकाचे वीस झाले तर व्हिप नसणं महागात पडेल असं ती म्हणते आणि त्यात तथ्य आहे. पण परवा तिनंच इलेक्शन्स कॅनडाचे २०१५ पासूनचे आमच्या मतदारसंघाचे निकाल काढले, पहिला, दुसरा, तिसरा कोण ते वहीत लिहिलं, प्रांतिक निकाल शेजारी मांडले. मी व्हॉट्सॲपवर आलेली एक लिंक दाखवायला गेलो तर म्हणाली, "ती राहू दे. आधी हे बघ."