दोन प्रणालींचा संगणक मोठ्या डिस्कवर नेताना: क्लोन करावे की नव्याने बसवावे?

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) नांदत असतील आणि २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, भरत आली असेल, तर १ टीबीच्या नव्या एसएसडीवर जाण्याचे दोन मार्ग असतात. जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यावी, म्हणजे क्लोन करावी, किंवा दोन्ही प्रणाली कोऱ्या डिस्कवर नव्याने बसवून केवळ आपल्या फाइली आणाव्यात. माझ्या मते निवड श्रमांवरून करू नये. वाढीव जागा नेमकी कोणत्या प्रणालीला हवी आहे आणि जुन्या डिस्कची मांडणी कशी आहे, हे आधी पाहावे.

क्लोनचा मोठा लाभ असा की दोन्हीकडचे प्रोग्रॅम, परवाने आणि बारीकसारीक मांडणी तशीच राहते. क्लोनझिला हे पेन ड्राइव्हवरून चालणारे मोफत साधन ओळखीच्या फाइल प्रणालींतील केवळ वापरलेले ब्लॉक उचलते, तर लिनक्समधील डीडी ही प्रत काढणारी आज्ञा रिकामी जागाही वाचत बसते. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी २५६ जीबीला पाऊण तास लागतो. पार्टिशनांचे, म्हणजे डिस्कच्या विभागांचे, यूयूआयडी (ओळख क्रमांक) कायम राहत असल्याने लिनक्सच्या एफएसटॅब फाइलीत, म्हणजे कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याच्या यादीत, काहीही बदलावे लागत नाही.

खरे काम त्यानंतर सुरू होते. वाढीव जागा डिस्कच्या शेवटी मोकळी पडते आणि विंडोजचा सी ड्राइव्ह सुरुवातीला असतो. मध्ये विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन आणि लिनक्सची पार्टिशने उभी असतात. सी वाढवायचा, तर जीपार्टेड हे पार्टिशने बदलण्याचे साधन पेन ड्राइव्हवरून चालवून मधले प्रत्येक पार्टिशन शेवटाकडे सरकवावे लागते, आणि सरकवताना वीज गेली तर त्यातील माहिती गमावण्याचा धोका असतो. म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडलेला आणि बॅटरी भरलेली असावी. डेस्कटॉप असेल, तर यूपीएसशिवाय या कामाला हात घालू नये. लिनक्सचे पार्टिशन सर्वांत शेवटी असेल आणि जागा त्यालाच हवी असेल, तर हेच काम काही मिनिटांत होते. तिसरा पर्याय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: काहीही न सरकवता मोकळ्या जागेत एनटीएफएसचे (विंडोजच्या फाइल प्रणालीचे) एक स्वतंत्र पार्टिशन करावे आणि फोटो, चित्रफिती, दस्तऐवज तेथे हलवावेत, म्हणजे दोन्ही प्रणालींना ते वापरता येतात. त्यासाठी विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करणे आवश्यक आहे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्सला अशा पार्टिशनवर सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

नव्याने बसवणे योग्य ठरते ते मुख्यतः जुनी डिस्क एमबीआर या पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची असेल तेव्हा. त्या पद्धतीत प्राथमिक पार्टिशने चारच असतात आणि नेहमीच्या डिस्कवर सुमारे २ टीबीपुढची जागा वापरताच येत नाही. क्लोनबरोबर ही मर्यादाही नव्या डिस्कवर येते. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, विंडोज ११ कडे जाणारच असाल, तर तेव्हाच कोऱ्या डिस्कवर सुरुवात करणे बरे. आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम पाळावा, कारण नंतर बसवलेले विंडोज बूटचा अग्रक्रम स्वतःकडे घेते. सुरुवातीला प्रणाली निवडण्याची यादी दाखवणाऱ्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मूळ मांडणीत बंद असतो. यादीत विंडोज दिसले नाही, तर तो चालू करावा. लिनक्सचे होम फोल्डर लपलेल्या फाइलींसह आणले, तर ब्राउझरच्या बुकमार्कपासून अनेक मांडण्या परत मिळतात. विंडोजमधले प्रोग्रॅम मात्र एकेक करून पुन्हा बसवावे लागतात, आणि या मार्गाचा बहुतेक वेळ तेथेच जातो.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कूटबद्ध करणारे कुलूप, चालू असेल, तर कोणत्याही मार्गाने जाण्यापूर्वी ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. डिस्क वाचताना चुका येत असतील, तर आधी डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कवरून माहिती वाचवणाऱ्या साधनाने प्रत काढावी.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही जोडलेल्या असल्या, तर सारख्या यूयूआयडीमुळे लिनक्स जुन्याच पार्टिशनवर उघडू शकते, आणि विंडोज दोहोंपैकी एक डिस्क ऑफलाइन करते. नव्या डिस्कवरून दोन्ही प्रणाली नीट सुरू होऊन काही दिवस सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.